रेसिडेंट डॉक्टरचा स्वभाव बघण्याआधी त्याची झोप बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. एक तरुण डॉक्टर पेशंटच्या मुलावर ओरडतोय, "एकदा सांगितलं ना बाहेर थांबा, किती वेळा तेच विचारणार". खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथे लिहवत नाही, मस्ती चढलीय, संस्कार नाहीत, आपल्या टॅक्सच्या पैशावर शिकतात, असं सगळं. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला कारण त्या पोराचा चेहरा डोळ्यासमोरून जाईना. डोळ्यांखाली काळं, अ‍ॅप्रनचं बटण चुकीच्या काजात गेलेलं, आणि ओरडताना एका हाताने भिंत धरलेली. भिंत धरून उभं राहणारा माणूस मस्तीत नसतो हो, तो पडायच्या बेतात असतो. त्याची ड्युटी किती तासांची चालू होती हे मला माहीत नाही, पण असे चेहरे मी चौतीस वर्षं रोज बघितलेत. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मी १९८८ ला अधिपरिचारिका म्हणून लागले आणि २०२२ ला परिसेविका म्हणून रिटायर झाले, म्हणजे लोक ज्याला स्टाफ नर्स आणि इन्चार्ज सिस्टर म्हणतात ते. आता एका नर्सिंग कॉलेजात मुलींना शिकवायला जाते. पत्र जरा लांबेल, जमेल तेवढं छापा.

बाहेरच्या लोकांना वाटतं डॉक्टर म्हणजे मोठा पगार, एसी केबिन. वॉर्डात रात्री दोन वाजता जो धावत असतो तो जेआर वन असतो, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट, पोस्ट ग्रॅज्युएशनच्या पहिल्या वर्षाचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा किंवा पोरगी. त्याचा इमर्जन्सी डे सकाळी आठला सुरू होतो असं कागदावर, पण कलेक्शन, म्हणजे सगळ्या पेशंटची रक्तं काढायची, ते पहाटे पाचला असतं म्हणून तो साडेचारलाच उठलेला असतो. मग राउंड, अ‍ॅडमिशन, कॅज्युअल्टीतून फोन, रात्रभर अ‍ॅडमिशन, आणि दुसऱ्या दिवशी पोस्ट इमर्जन्सी, म्हणजे रात्री जे पेशंट घेतले त्यांचा सगळा वर्कअप, रिपोर्ट ट्रेस करायचे, सोनोग्राफीची तारीख मिळवायची, लेक्चरर सरांचा राउंड, डिस्चार्ज कार्ड. संध्याकाळी सात-आठ वाजतात. म्हणजे छत्तीस तासांच्या वर गेलं, आणि रूमवर जाऊन आंघोळ करून पडला की परत पहाटे पाचचं कलेक्शन. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो एकदम येतात, दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकलेल्या असतात, तेव्हा तर आठवडाच्या आठवडा असा जातो.

एक रात्र सांगते. जुलै महिना, मेडिसिनचा फीमेल वॉर्ड, माझी नाईट. एक जेआर वन होते, बीडकडचे. जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात रोज विचारायचे, "सिस्टर, जेवलात का?" वॉर्डातल्या मदतनीस मावशींना, मामांना पण अहोजाहो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांचं बोलणं कमी होत होत बंदच झालं. त्या पहाटे पाचच्या सुमाराला मी औषधांची ट्रॉली घेऊन निघाले तर कोपऱ्यातल्या बेडवरच्या आजीने ओठांवर बोट ठेवून मला खूण केली. बघते तर डॉक्टर स्टुलावर बसलेले, हातात सिरिंज, सुईचं टोपण पण काढलेलं नाही, नस फुगावी म्हणून आजीच्या दंडाला रबरी ग्लोव्ह बांधलेला, आणि यांची मान खाली, गाढ झोप. आजी हात हलवत नव्हती. ग्लोव्ह घट्ट बांधलेला, बोटं लालसर निळी व्हायला लागलेली, तरी हात तसाच ठेवलेला. मला हळूच म्हणाली, "पोर दमलंय गं, आत्ताच डोळा लागलाय." मी आधी ग्लोव्ह सोडला, मग त्यांच्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि रक्त मीच काढलं. बल्बवर, म्हणजे रक्ताच्या छोट्या बाटलीवर, नाव लिहीपर्यंत पण ते जागे झाले नाहीत.

त्याच डॉक्टरांनी त्याच आठवड्यात एका बाईचा केस पेपर काउंटरवर आपटला, कारण तिच्या नवऱ्याने चौथ्यांदा विचारलं की रिपोर्ट कधी येणार. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका घरच्यांना मृत्यू सांगताना इतकं सपाट बोलले की ती माणसं रडायची पण थांबून यांच्याकडे बघत राहिली. हे मी कोणाच्या तक्रारीसाठी सांगत नाही. नंतर त्यांना एक पूर्ण रविवार मिळाला, चौदा तास झोपले असं त्यांनीच सांगितलं, आणि सोमवारी काउंटरवर येऊन मला बाजूला घेऊन विचारतात, "सिस्टर, परवा त्या लोकांशी मी काय बोललो? मला नीट आठवतच नाहीये." डोळ्यांत पाणी होतं. एका झोपेने जो माणूस परत येतो, त्याचा स्वभाव वाईट कसा म्हणायचा?

मला इतकी वर्षं हे फक्त अनुभवाने माहीत होतं. कुठला जेआर नाईटला किती झोपलाय हे आम्ही सिस्टर लोक त्याच्या सहीवरून ओळखायचो, सही घसरली की समजायचं. रिटायर झाल्यावर मुलींना शिकवायचं म्हणून वाचायला लागले तेव्हा कळलं की यावर पन्नास वर्षांपूर्वीच अभ्यास झालाय. १९७१ साली अमेरिकेत १४ इंटर्न, म्हणजे तिथले पहिल्या वर्षाचे शिकाऊ डॉक्टर, घेऊन प्रयोग केला होता, एकदा साधारण सात तास झोपल्यावर आणि एकदा सरासरी दोन तासांपेक्षाही कमी झोपेवर, दोन्ही वेळा त्यांना ईसीजी वाचायला दिले. झोप नसताना चुका जवळजवळ दुप्पट. ते तर आपल्याला वाटलंच असतं, पण त्याचबरोबर उदासी वाढली, उत्साह गेला आणि दुसऱ्यांबद्दलची आपुलकी कमी झाली. पुढे त्याच संशोधकांनी इंटर्नच्या मनाच्या तक्रारी वेगळ्या नोंदवल्या, चिडचिड, उदास वाटणं, आपण आपल्यात नाही असं वाटणं, प्रसंगाला न शोभणाऱ्या भावना, आणि नुकतंच घडलेलं न आठवणं. हे वाचलं तेव्हा मला तो काउंटरवरचा सोमवार आठवला.

आणखी एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. झोपेवरचे बरेच अभ्यास एकत्र करून १९९६ मध्ये तपासले तेव्हा दिसलं की झोप कमी झाली की हातांच्या कामापेक्षा, आणि डोक्याच्या कामापेक्षाही, सगळ्यात जास्त फटका मूडला बसतो. म्हणजे हात चालत राहतात, सलाईन लागतं, औषध लिहिलं जातं, पण माणूस आतून आधी ढासळतो. मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, भीती-राग वगैरे तिथून उठतो, आणि कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. २००७ च्या एका अभ्यासात एक रात्र जागवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली तर तो अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त पेटला, आणि आवर घालणाऱ्या भागाशी त्याचं कनेक्शन ढिलं पडलं. एका रात्रीत! आणि आपल्या पोरांच्या अशा रात्री आठवड्यातून दोनदा-तीनदा.

आणि त्या माणसाला स्वतःला हे कळत नाही. कोणालाही विचारा, "मला सवय झालीय, मला काही होत नाही" हेच म्हणणार. पण १४ दिवस रोज सहा किंवा त्याहून कमी तास झोपू दिलेल्या लोकांची परीक्षा घेतली तर त्यांचं काम एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं बिघडलेलं होतं, आणि त्यांना मात्र वाटत होतं आपण फक्त थोडे झोपाळलोय. सतरा तास जागं राहिलं की हातांचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं होतं आणि चोवीस तासांनी ०.१० टक्क्यांच्या आसपास, हे १९९७ मध्ये मोजलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, म्हणजे ०.०३ टक्के. त्याच्या तिप्पट असला तर ट्रॅफिक पोलीस गाडी चालवू देणार नाहीत, पण चोवीस तास जागा असलेला डॉक्टर सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, टाकतो, सिझेरियनला असिस्ट करतो आणि मग टू-व्हीलरवर घरी जातो. घरी जाणाऱ्याची मला फार काळजी वाटायची. अमेरिकेत इंटर्नवर अभ्यास झालाय, लांबलचक ड्युटीनंतर घरी जाताना गाडीचा अपघात व्हायची शक्यता दुपटीपेक्षा जास्त असते.

आता डिप्रेशनचं. अमेरिकेतल्याच ७४० इंटर्नचा अभ्यास आहे, २०१० चा. इंटर्नशिपच्या आधी डिप्रेशनमध्ये ३.९ टक्के, आणि वर्षभरात हेच प्रमाण सरासरी २५.७ टक्के. तीच मुलं, तीच घरं, फक्त वर्ष बदललं. नंतर मनगटावर झोप मोजायची पट्टी लावून दोन हजारांहून जास्त इंटर्न बघितले तर झोप किती मिळते याच्याइतकंच, ती रोज वेगवेगळ्या वेळी मिळते हे पण मूड खाली नेतं असं दिसलं. म्हणून "रविवारी झोपून भरून काढ की" हे सांगणं पुरत नाही, माझ्या त्या बीडच्या डॉक्टरांना पण तो रविवार पुरला नव्हता, पंधरा दिवसांत परत तेच. आणि आपल्याकडचं विचाराल तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सचा २०२४ चा रिपोर्ट आहे, त्यात पाच हजारांच्या वर पीजी विद्यार्थ्यांनी ऑनलाइन उत्तरं दिली आणि त्यातल्या ३१ टक्के मुलांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. दर तीनातला जवळजवळ एक. त्याला कारणं बरीच आहेत, फी, रॅगिंग, घरापासून लांब, नापास व्हायची भीती, सगळं झोपेवर ढकलता येणार नाही. पण बाकी सगळं सोसायला जे बळ लागतं ते झोपेतून येतं, आणि नेमकं तेच काढून घेतलंय. (हे वाचणारं कोणी त्या अवस्थेत असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, बाळांनो फोन करा.)

नियम नाहीत असं नाही. १९९२ मध्ये केंद्र सरकारने रेसिडेन्सी स्कीमचं पत्र काढलं, त्यात ज्युनियर रेसिडेंटला सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी साधारणपणे नको, आठवड्याला ४८ तास, एक सुट्टी. मी तेव्हा नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. पुढची तीस वर्षं वॉर्डात काढली, त्या पत्राप्रमाणे एक ड्युटी लागलेली मी बघितली नाही. २०२३ च्या पीजीच्या नियमांत "वाजवी" तास आणि विश्रांतीला "वाजवी" वेळ असं लिहिलंय, वाजवी म्हणजे किती ते लिहिलेलं नाही. आणि २०२४ च्या टास्क फोर्सने सुचवलं की आठवड्याला ७४ तासांच्या वर नको, रोज सात-आठ तास झोप मिळावी. म्हणजे बत्तीस वर्षांत ४८ वरून ७४ पर्यंत आपण मागणंच खाली आणलं, आणि ते ७४ सुद्धा आज मिळालं तर आमच्या वॉर्डातली पोरं पेढे वाटतील. कोलकात्यात ऑगस्ट २०२४ ला ज्या डॉक्टर मुलीचा हॉस्पिटलातच खून झाला ती ३६ तासांच्या ड्युटीत जरा पडायला म्हणून सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने असल्या ड्युट्यांना अमानवी म्हटलं. महिनाभर सगळे बोलत होते. नंतर शांत.

अमेरिकेत पण हे एका मुलीच्या जाण्यानेच सुरू झालं होतं, लिबी झायन, १८ वर्षांची, १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात ताप आणि थरथर घेऊन आली आणि काही तासांत गेली. तिला बघणारे शिकाऊ डॉक्टर होते आणि त्यांच्यावर एका रात्रीत बरेच पेशंट होते. वडील पत्रकार होते, त्यांनी धरून ठेवलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास ही मर्यादा घातली, २००३ पासून ती सगळ्या अमेरिकेत ८० आहे, युरोपात ४८.

सिनियर सर लोकांचं म्हणणं मी ऐकलंय आणि त्यांचा मी मान ठेवते, कारण त्यांनी खरंच तसंच काढलंय. ते म्हणतात आम्ही पण केलं, आणि पेशंट पहिल्या तासापासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय आजार कळत नाही, आणि ड्युटी बदलली की पेशंटची माहिती मध्येच गळते. यातलं शेवटचं खरं आहे. अमेरिकेत २०११ ला इंटर्नसाठी १६ तासांची मर्यादा केली होती ती २०१७ ला परत २४ वर नेली, त्यात हे पण एक कारण होतं. पण माहिती गळते म्हणून माणूस जागा ठेवायचा हा उपाय आहे का? आम्ही सिस्टर लोक दिवसातून तीनदा ओव्हर देतो, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या ड्युटीला सोपवतो. बेडजवळ उभं राहून, प्रत्येक पेशंटचं नाव, सलाईन कितवं, लघवी किती, कुठला रिपोर्ट यायचाय, कोणाकडे लक्ष ठेवायचं, आणि समोरची "घेतली" म्हणेपर्यंत आम्ही वॉर्ड सोडत नाही. आमच्या नाईटनंतर नाईट ऑफ असतो, कोणी त्याला आळस म्हणत नाही. ओव्हर शिकवता येते. अमेरिकेत नऊ हॉस्पिटलांत शिकाऊ डॉक्टरांना ओव्हर द्यायची ठरलेली पद्धत शिकवली तर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, हा २०१४ चा अभ्यास आहे. आपल्याकडे एमबीबीएसला हे किती ठिकाणी शिकवतात? माझ्यासमोर तर कागदाच्या चिठ्ठीवर तीन बेड नंबर लिहून "बघ रे जरा" एवढ्यावर ओव्हर होताना मी बघितलीय.

आणि "आम्ही पण केलं" म्हणताना एक राहून जातं. तेव्हा वॉर्डात इतके पेशंट नव्हते, आयसीयू एवढे नव्हते, तपासण्या दहा होत्या आता पन्नास आहेत, आणि प्रत्येकीचा फॉर्म, प्रत्येकीची ऑनलाइन एंट्री. जेआर वनच्या दिवसातला कितीतरी वेळ डॉक्टरकीत जातच नाही. बल्ब लॅबमध्ये पोचवायचे, सॅम्पल क्लॉट झालं, म्हणजे रक्त गोठलं, म्हणून परत आलं की पुन्हा काढायचं, ब्लड बँकेच्या रांगेत उभं राहायचं, मामा नसले तर ट्रॉली ढकलायची. २०२१ ला नीट पीजीची परीक्षा आणि काउन्सेलिंग लांबलं तेव्हा पहिल्या वर्षाची बॅचच महिनोन् महिने आली नाही, तीन बॅचचं काम दोन बॅचनी ओढलं, तेही कोविडनंतर. त्या काळात गायनॅकची एक जेआर, सगळ्यात हसतमुख मुलगी, एका क्लॉट झालेल्या बल्बवरून ड्रेसिंग रूममध्ये अर्धा तास रडत होती. बाळंतिणीचा जीव गेला तेव्हा सुद्धा ती एवढी रडली नव्हती. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "सिस्टर, मला नक्की कशाचं रडू येतंय तेच कळत नाहीये." तिला समुपदेशनाला पाठवलं. तिथून येऊन ती परत नाईटला उभी राहिली.

म्हणून मला हे मनापासून सांगायचंय, योगा दिन, स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर, समुपदेशन कक्षाचा बोर्ड, हे सगळं असू दे, माझा विरोध नाही, पण त्याआधी पोरांना झोपू द्या. इमर्जन्सी रात्र झाली की दुसऱ्या दिवशी ओव्हर देऊन दुपारी बारापर्यंत माणूस सुटलाच पाहिजे. पहाटेचं कलेक्शन आणि बल्ब पोचवणं याला वेगळी माणसं भरा, तो खर्च डॉक्टर भरण्यापेक्षा कमीच आहे. झोपायला खोली द्या, मुलींसाठी वेगळी, आतून कडी लागणारी. आणि ड्युटी रोस्टर वॉर्डच्या दारावर लावा, कोण कधीपासून ड्युटीवर आहे हे नातेवाइकांना पण दिसू दे. माझी खात्री आहे, पाटीवर "काल सकाळी आठपासून" असं वाचलेला माणूस आवाज चढवण्याआधी थांबेल, आपले लोक एवढे वाईट नाहीत, त्या आजीने ग्लोव्ह बांधलेला हात हलवला नव्हता.

नातेवाइकांचं चुकतं असंही मी म्हणत नाही. ज्याचा माणूस आत आहे तो चार वेळा विचारणारच, त्याला नीट उत्तर मिळायला पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. पण नीट उत्तर द्यायला समोरचा माणूस जागा लागतो, नुसते डोळे उघडे असून चालत नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे एकच मागणं आहे. "निवासी डॉक्टरची अरेरावी" किंवा "डॉक्टरला मारहाण" अशी बातमी येईल तेव्हा तुमच्या वार्ताहराला अधिष्ठाता कार्यालयात आणखी एक प्रश्न विचारायला सांगा, त्या वेळी तो डॉक्टर किती तास ड्युटीवर होता. उत्तर मिळालं तर तो आकडा बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापा, आणि नाही मिळालं तर विचारलं होतं पण सांगितलं नाही, असं छापा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका